जेनोवाचा फाबेर : फाब्रित्सिओ दे आंद्रेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाब्रित्सिओ दे आंद्रे कोण होता?

इटलीचा गीतकार-गायक. जन्म १८ फेब्रुवारी १९४० चा, जेनोवा शहरातला. शाळेच्या नकाशात आपण ज्याला जिनोआ म्हणायचो तेच हे बंदर. मृत्यू ११ जानेवारी १९९९ रोजी मिलानमध्ये. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची आणि गळाही स्वतःचाच, अशा कलाकाराला इटालियनमध्ये 'कान्ताउतोरे' म्हणतात. या कान्ताउतोरे मंडळींत दे आंद्रेचं नाव आजही सगळ्यात आधी निघतं. तिथल्या शाळांतली मुलं त्याची गाणी कवितेसारखी वाचतात.

त्याच्या गाण्यांत राहायला आलेली माणसं बघा: वेश्या, भुरटे चोर, फासावर चढलेले, दारुडे, गोळी झाडताना हात थबकलेला सैनिक, रोमा (जिप्सी) भटके, तुरुंगातले कैदी. जवळजवळ चाळीस वर्षं तो त्यांच्याबद्दलच लिहीत राहिला. आणि एकदाही त्यांचा न्याय करायला बसला नाही. मला तो आवडतो तो या एका गोष्टीसाठी.

त्याचं स्वतःचं घर गरीब होतं का?

अजिबात नाही. वडील जुझेप्पे दे आंद्रे उद्योजक होते, एका मोठ्या साखर कंपनीचा कारभार त्यांच्या हाती होता आणि ते जेनोवाचे उपमहापौरही झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब आस्तीजवळच्या खेड्यातल्या शेतावर राहायला गेलं. लहानग्या फाब्रित्सिओला गाईगुरांची आणि मातीची ओढ लागली ती तिथे, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

शहरात परतल्यावर थोरला भाऊ माउरो अभ्यासात हुशार निघाला, पुढे नावाजलेला वकील झाला. धाकट्याचे पाय मात्र बंदरालगतच्या जुन्या गल्ल्यांकडे वळत. उंच घरांच्या मधून ऊनसुद्धा खाली उतरत नाही अशा त्या अरुंद गल्ल्या. खलाशी, दारूचे गुत्ते, दारात उभ्या बायका. वरच्या वस्तीत मिळणारं शिक्षण आणि खालच्या वस्तीत भेटणारी माणसं, या दोहोंच्या ओढाताणीतून त्याची गाणी आली असं मला वाटतं. या माणसांवर त्याने दया दाखवली नाही. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

'फाबेर' हे नाव कुठून आलं?

लहानपणीचा मित्र पाओलो विलाज्जो याने ठेवलेलं. फाब्रित्सिओला फाबेर-कास्टेलच्या रंगीत पेन्सिली फार आवडायच्या, शिवाय नावाशी यमकही जुळत होतं. हाच विलाज्जो पुढे इटलीचा अत्यंत लोकप्रिय विनोदी नट झाला. १९६३ मध्ये दोघांनी मिळून दोन गाणी लिहिली. त्यातल्या एकात लढाई जिंकून परतलेला शार्ल मार्तेल, आठव्या शतकातला फ्रँक सेनानी, वाटेत भेटलेल्या बाईशी पैशांवरून घासाघीस करतो. इतिहासातल्या वीराला पहिल्याच फटक्यात घोड्यावरून खाली उतरवलं होतं.

वकिलीचं शिक्षण सोडून तो गायक कसा झाला?

एका बाईच्या आवाजामुळे. जेनोवा विद्यापीठात तो कायदा शिकत होता आणि पदवीला सहाच परीक्षा उरल्या होत्या. तोवर पहिलं लग्न झालं होतं, १९६२ च्या डिसेंबरमध्ये मुलगा क्रिस्तियानो जन्मला होता. १९६१ पासून त्याच्या छोट्या तबकड्या निघत होत्या, पण त्यावर घर चालण्यासारखं नव्हतं.

१९६४ मध्ये त्याने 'ला कान्झोने दि मारिनेल्ला' म्हणजे 'मारिनेल्लाचं गाणं' काढलं. वर वर पाहता ही एक परीकथा आहे: एक मुलगी, तिच्या दारी आलेला राजा, एका दिवसाचं प्रेम आणि मग नदीत पडून मृत्यू. तिच्यामागे होती पोरवयात त्याने वर्तमानपत्रात वाचलेली एक बातमी. परिस्थितीने शरीरविक्रीला लावलेल्या एका मुलीला कुणीतरी नदीत ढकलून मारलं होतं. तिचं आयुष्य बदलणं हातात नव्हतं, म्हणून निदान तिचं मरण तरी गोड करावं असं त्याला वाटलं.

१९६७ मध्ये हे गाणं मीना गायली. मीना म्हणजे तेव्हाच्या इटलीतला सगळ्यांत मोठा आवाज. गाणं घरोघरी पोहोचलं, मानधनाचे पैसे येऊ लागले आणि उरलेल्या सहा परीक्षा कायमच्या राहून गेल्या. मीनाने ते गायलं नसतं तर आपण बहुधा वकील झालो असतो, असं तो स्वतः सांगायचा.

त्याची गाणी लोकगीत म्हणायची की रॉक?

दोन्ही. सुरुवातीला त्याच्यावर दाट सावली होती ती फ्रान्सचा गीतकार-गायक जॉर्ज ब्रासाँ याची. वडिलांनी फ्रान्सहून त्याच्या तबकड्या आणून दिल्या होत्या. एक गिटार, लोककथेसारखं उलगडत जाणारं कथन आणि दांभिकतेवर हसत हसत केलेला वार, हे सारं तिथून आलं. त्याने ब्रासाँ, लिओनर्ड कोहेन आणि बॉब डिलन यांची गाणी इटालियनमध्ये आणली, आणि इतकी घरची करून आणली की ती भाषांतरं वाटतच नाहीत.

रॉक आलं ते १९७८-७९ च्या हिवाळ्यात. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या गाजलेल्या रॉक बँडबरोबर त्याने इटलीभर दौरा केला. जुन्या गाण्यांना विजेची गिटार, ड्रम, व्हायोलिन आणि सिंथेसायझरचा साज चढला. त्या दौऱ्याचे दोन अल्बम निघाले, आणि कित्येक गाण्यांची लोकांच्या कानात बसलेली रूपं त्यातलीच आहेत. नवख्या श्रोत्याला मी मूळ ध्वनिमुद्रणांच्या आधी हेच अल्बम देतो.

युद्धाविरुद्धचं त्याचं ते प्रसिद्ध गाणं कोणतं?

'ला ग्वेर्रा दि प्येरो', म्हणजे प्येरोची लढाई. प्येरो नावाचा साधा सैनिक वसंतात सीमा ओलांडतो. दरीच्या पलीकडे त्याला दुसरा सैनिक दिसतो. मनाची अवस्था तीच, फक्त गणवेश वेगळ्या रंगाचा. गोळी घालू का, मारलं तर त्याला मरताना बघावं लागेल, असा विचार करता करता प्येरो थांबतो. समोरचा थांबत नाही. प्येरो गव्हाच्या शेतात झोपलाय आणि त्याच्यावर हजार तांबड्या खसखशीच्या फुलांचा पहारा आहे, एवढंच उरतं. गाणं निघालं तेव्हा फार कुणी विकत घेतलं नाही. काही वर्षांत साठच्या दशकातल्या आंदोलनांनी ते उचललं आणि मग ते शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेलं.

वेश्यांबद्दल त्याने इतकं का लिहिलं?

कारण शहर त्यांच्याकडे रात्री जातं आणि दिवसा तोंड फिरवतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं. 'व्हिया देल काम्पो' या गल्लीवरच्या १९६७ च्या गाण्याची शेवटची ओळ इटलीत म्हणीसारखी वापरली जाते. तिचा आशय असा की हिऱ्यांतून काही उगवत नाही, फुलं उगवतात ती शेणखतातून.

त्याच वर्षीचं 'बोक्का दि रोझा'. सान्त'इलारिओच्या स्टेशनवर एक बाई उतरते. ती ना पैशासाठी प्रेम करते ना वेळ जात नाही म्हणून, तिला प्रेम करायला आवडतं म्हणून करते. गावातल्या बायका तक्रार करतात, पोलीस तिला पुन्हा गाडीत बसवायला नेतात आणि तिला निरोप द्यायला डोळे पुसत अख्खं स्टेशन भरतं. पुढच्या स्टेशनवर तर त्याहून जास्त लोक उभे असतात, आणि तिथला पाद्री तिला कुमारी मारियेच्या मिरवणुकीत बरोबर घेतो. गाणं इतकं हलकंफुलकं आहे की हसता हसता आपण कुणाच्या बाजूला येऊन उभे राहिलो ते उशिरा कळतं.

लुइजी तेन्कोशी त्याचा काय संबंध?

तेन्को त्याचा मित्र आणि समकालीन गायक. जानेवारी १९६७ मध्ये सान रेमोच्या संगीत महोत्सवातून गाणं बाद झाल्यावर तेन्को हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. ती आत्महत्या ठरली. दे आंद्रेने त्याच्यासाठी 'प्रेगिएरा इन जेन्नायो' (जानेवारीतली प्रार्थना) लिहिली. स्वतःचा जीव घेणाऱ्याला स्वर्गाचं दार बंद, असं सांगणाऱ्या श्रद्धावंतांना बाजूला सारून थेट देवालाच त्यात हाक घातली आहे. त्याच्या पहिल्या मोठ्या तबकडीची सुरुवात याच गाण्याने होते.

तो धार्मिक होता का?

चर्चशी त्याचं जमलं नाही. येशूशी मात्र फार जमलं. १९७० मध्ये इटलीतले विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर असताना त्याने 'ला बुओना नोवेल्ला' हा अख्खा अल्बम येशू, मारिया आणि योसेफ यांच्यावर काढला, तोही चर्चने अधिकृत न मानलेल्या शुभवर्तमानांच्या आधाराने. मित्र चिडले: ही काय वेळ आहे? त्याचं उत्तर होतं की येशूएवढा मोठा क्रांतिकारक दुसरा झाला नाही, हा अल्बम आजच्या लढ्याचीच गोष्ट सांगतो.

त्यातलं 'तीतोचं मृत्युपत्र' ऐकाच. येशूशेजारी क्रूसावर टांगलेला चोर तीतो दहा आज्ञा एकेक करून घेतो आणि त्या कुणाच्या सोयीच्या आहेत ते दाखवतो. चोरी करू नको म्हणता, मी भरलेल्यांच्या खिशातून घेतलं. मग देवाच्या नावावर चोरणाऱ्यांचं काय? शेवटी शेजारच्या मरणाऱ्या माणसाकडे बघून त्याच्या मनात द्वेष न उरलेली करुणा जागी होते. सगळी कायद्याची पुस्तकं पार करून तो प्रेमापाशी येतो.

आणि राजकारण?

तो स्वतःला अराजकवादी म्हणवायचा. कुठल्याही माणसाची दुसऱ्यावर सत्ता नको, हे त्याचं म्हणणं तरुणपणापासून अखेरपर्यंत टिकलं. सत्तरच्या दशकात इटलीत बॉम्ब फुटत होते, अपहरणं होत होती. त्या काळात पोलीस आणि गुप्तचर खात्याने त्याच्यावर पाळत ठेवली, त्याच्या नावाची फाइल उघडली.

१९७३ चा 'स्तोरिया दि उन इम्पिएगातो' (एका कारकुनाची गोष्ट) हा त्याचा सर्वांत उघड राजकीय अल्बम. १९६८ च्या पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांचं गाणं पाच वर्षांनी ऐकून एक कारकून पेटतो, एकटाच बॉम्ब बनवतो, संसद उडवायला निघतो आणि उडते ती वर्तमानपत्रांची टपरी. तुरुंगात गेल्यावर 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हणायला तो शिकतो. डाव्यांनाही तेव्हा हा अल्बम रुचला नाही, टीका बोचरी झाली. माझ्या मते तो थोडा अवघड आहे, पण एकट्या माणसाच्या संतापाचं काय होतं हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुणी गायलंय.

स्पून रिव्हरचा अल्बम काय आहे?

अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्सने स्पून रिव्हर नावाच्या एका काल्पनिक गावाच्या कबरस्तानातल्या मृतांना बोलतं केलं होतं. फेर्नांदा पिवानोने ते पुस्तक इटालियनमध्ये आणलं आणि फॅसिस्ट काळात वाढलेल्या पिढीला त्याने वेड लावलं. १९७१ मध्ये दे आंद्रेने त्यातल्या काही कविता नव्याने लिहून नऊ गाणी केली. संगीतात साथीला होता तरुण निकोला पिओवानी, ज्याला पुढे ऑस्कर मिळालं. गरिबांना फुकट औषध देता देता स्वतः कंगाल झालेला आणि शेवटी बनावट काढा विकून तुरुंगात गेलेला डॉक्टर, उंचीवरून हिणवला गेलेला आणि पुढे न्यायाधीश होऊन सूड घेणारा माणूस, आणि अखेरीस वादक जोन्स: शेत ओसाड, वाद्य मोडलेलं, खंत एकही नाही. मूळ कवितेत जोन्स फिडल वाजवतो, दे आंद्रेने त्याच्या हाती बासरी दिली.

तो मंचावर यायला खरंच घाबरायचा का?

हो. लोकप्रिय होऊनही १९७५ पर्यंत त्याने नियमित मैफली केल्या नाहीत. सुरुवातीला अंधारात बसून आणि दारूच्या आधारावर गायचा. दारू त्याने खूप प्यायली. १९८५ मध्ये वडील मृत्युशय्येवर असताना त्यांनी सोडण्याचं वचन घेतलं आणि त्याने ते पाळलं. सिगारेट मात्र सुटली नाही.

त्याचं अपहरण झालं होतं, त्याची हकिगत काय?

सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्याने सार्डिनिया बेटावर, तेम्पिओ पाउसानिया गावाजवळ 'लान्याता' नावाची जमीन घेतली. पडकं घर दुरुस्त केलं, गुरं पाळली. गायक शेतकरी झाल्याचं वर्तमानपत्रांना नवल वाटलं; त्याला मात्र युद्धकाळातलं ते लहानपणीचं शेत परत मिळालं होतं. सोबत होती दोरी गेत्झी, स्वतः नावाजलेली गायिका. १९७७ मध्ये त्यांना मुलगी झाली.

२७ ऑगस्ट १९७९ च्या रात्री दोघांना तिथूनच उचललं गेलं. बेटावरच्या डोंगराळ रानात जवळपास चार महिने त्यांना उघड्यावर ठेवलं. चेहऱ्यावर बुरखे, बराच काळ बांधलेले. खंडणीची रक्कम सुमारे ५५ कोटी लिरा, मोठा वाटा वडिलांनी भरला. २१ डिसेंबरला दोरी सुटली, काही तासांनी तो.

बाहेर आल्यावर पत्रकारांना संताप हवा होता. त्याने सांगितलं की पहाऱ्यावरच्या माणसांनी आम्हाला माणसासारखं वागवलं. आम्ही सुटलो, ते मात्र कधी सुटणार नाहीत. खटल्यात त्याने या रखवालदारांना माफ केलं. सूत्रधारांना नाही, कारण त्यांना पैशाची ददात नव्हती. आयुष्यभर गाण्यातून चोरांची बाजू मांडणं एक आणि त्याच चोरांनी झाडाला बांधल्यावरही तोच माणूस उरणं दुसरं. मी त्याच्याबद्दल वाचू लागलो तो या हकिगतीमुळे.

त्याने ना बेट सोडलं ना शेत. १९८९ च्या डिसेंबरमध्ये दोरीशी लग्न केलं तेही तेम्पिओ पाउसानियातच.

या अनुभवावर गाणं आहे का?

'होटेल सुप्रामोन्ते'. सुप्रामोन्ते हे त्या बेटावरच्या डोंगररांगेचं नाव. गाण्यात अपहरण हा शब्द नाही. आहे पाऊस, हरवलेला वेळ आणि जवळ असून लांब गेलेली स्त्री. १९८१ च्या ज्या अल्बममध्ये ते आहे त्याला नाव नाही, मुखपृष्ठावरच्या घोडेस्वारामुळे लोक त्याला 'रेड इंडियन' म्हणतात. गीतकार मास्सिमो बुबोलाबरोबर लिहिलेल्या या अल्बममध्ये सार्डिनियाचे मेंढपाळ आणि अमेरिकेचे मूलनिवासी शेजारी शेजारी येतात: दोघांचीही जमीन बाहेरच्यांनी घेतली. 'फ्यूमे सँड क्रीक' हे गाणं २९ नोव्हेंबर १८६४ च्या कोलोरॅडोतल्या कत्तलीचं आहे, एका लहान मुलाच्या तोंडून सांगितलेलं. मूल म्हणतं हे स्वप्न आहे का आजोबा, आणि आजोबा हो म्हणतात.

'क्रेउझा दे मा' इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण १९८४ मध्ये त्याने सगळ्या इटलीला कळणारी भाषा बाजूला ठेवली आणि अख्खा अल्बम जेनोवाच्या बोलीत गायला. ही बोली म्हणजे इटालियनचा हेल नव्हे. मिलानच्या माणसालाही ती भाषांतराशिवाय उमगत नाही. कंपनीला खप होईल असं वाटत नव्हतं. अल्बम खपला, बक्षिसं मिळवून गेला आणि डेव्हिड बर्नसारख्या संगीतकाराने तो त्या दशकातल्या मोजक्या कामांत धरला.

साथीदार माउरो पागानी भूमध्य समुद्राभोवतीचं संगीत धुंडाळत होता. ऊद, बुझुकी, साझ, मेंडोलिन अशी वाद्यं जमली. खलाशांची एखादी मिश्र भाषा बनवावी असा आधी विचार होता. मग लक्षात आलं की ती तयारच आहे. शतकानुशतकं जहाजांवरून आलेले अरबी-तुर्की शब्द जेनोवाच्या बोलीत मुरलेले आहेत.

'क्रेउझा' म्हणजे दोन भिंतींमधून उतरत जाणारी पायवाट, 'मा' म्हणजे समुद्र. पहिल्या गाण्यात खलाशी किनाऱ्यावर येऊन जेवायला बसतात आणि मागे जेनोवाच्या मासळी बाजारातल्या विक्रेत्यांच्या खऱ्या आरोळ्या ऐकू येतात. 'सिदून' १९८२ च्या लेबनॉन युद्धातलं आहे: रणगाड्याखाली गेलेलं लेकरू हातात घेतलेला बाप. 'आ पित्तिमा' कर्जवसुलीसाठी लोकांच्या मागे मागे फिरणाऱ्या जुन्या काळच्या माणसाचं. आणि 'आ दुमेनेगा'मध्ये रविवारी फिरायला निघालेल्या वेश्यांना बंदराचा अधिकारी शिव्या घालतो, पण धक्का बांधला जातोय तो त्यांच्याच कमाईच्या पैशांतून. सात गाण्यांत एवढा समुद्र मावलाय.

'दोन राफ्फाए' हे गाणं कशावर आहे?

१९९० च्या 'ले नुव्होले' अल्बममधलं, नेपल्सच्या बोलीचं विनोदी गाणं. तुरुंगाचा पहारेकरी माफिया म्होरक्यापाशी सल्ला मागतो, भावाला नोकरी मागतो आणि दोघे कॉफी पितात. सरकार कुठे संपलं आणि म्होरक्या कुठे सुरू झाला, ते गाणं नकळत सांगून जातं.

शेवटचा अल्बम कोणता?

'आनिमे साल्वे', १९९६, गीतकार-गायक इव्हानो फोस्सातीबरोबर. नावाचा अर्थ त्याच्या मते 'एकाकी जीव'. बाजूला पडलेल्यांचा हा अल्बम आहे. 'प्रिन्चेझा' ब्राझीलहून इटलीत आलेल्या एका पारलिंगी स्त्रीच्या आत्मकथनावरून घेतलंय.

'खोराखाने' रोमा लोकांवर आहे आणि त्याचा शेवट रोमानी भाषेत होतो, दोरीच्या आवाजात. मराठी माणसाने इथे कान देऊन थांबावं. रोमानी ही आपल्याच भाषाकुळातली, शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांची भाषा. पाणी तिच्यात 'पानी'च आहे, नाक 'नाक' आणि कान 'कान'. युरोपात जागोजागी हाकललेल्या या लोकांच्या तोंडी आपले शब्द आहेत हे कळलं तेव्हा हे गाणं मला परकं राहिलं नाही.

'स्मिझुराता प्रेगिएरा' हे अखेरचं गाणं म्हणजे प्रार्थना आहे, हट्टाने उलट्या दिशेने चालणाऱ्यांसाठी.

त्याचा मृत्यू कसा झाला?

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दौरा चालू असताना फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. पाच महिन्यांत तो गेला, ५८ वर्षांचा. १३ जानेवारी १९९९ रोजी जेनोवातल्या कारिन्यानो टेकडीवरच्या बसिलिकेत अंत्यविधी झाला. दहा हजारांहून जास्त लोक आले, उच्चभ्रू आणि फाटके एकाच गर्दीत.

इटालियन येत नाही, सुरुवात कुठून करू?

'ला ग्वेर्रा दि प्येरो'चं भाषांतर समोर ठेवा आणि ऐका. मग रॉक बँडबरोबरचं 'बोक्का दि रोझा'. 'क्रेउझा दे मा' मात्र अर्थ न बघता रात्री ऐका. त्याला बहुतेक इटालियनही असंच ऐकत आले आहेत.

जेनोवाला गेलो तर काय बघू?

व्हिया देल काम्पो. २९ क्रमांकाच्या जागी एक जुनं संगीताचं दुकान होतं, तिथे आता त्याच्या आणि जेनोवाच्या इतर गायकांच्या आठवणी जपल्या आहेत. मग स्ताल्येनो कबरस्तान, तिथे दे आंद्रे कुटुंबाची समाधी आहे. वेळ उरला तर बंदराकडून टेकडीवर जाणारी एखादी क्रेउझा शोधा आणि वरून खाली, समुद्राकडे तोंड करून उतरा.